माऊसच्या पोटातला डोळा

माझ्या मुलीच्या माऊसमधला डोळा मी बदलला होता. कॉम्प्युटरच्या माऊसमधला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजारच्या दस्तगीरला नाही, आणि जिचा तो माऊस होता तिला तर नाहीच. यात सांगण्यासारखं काय आहे, असंही कुणाला वाटेल. माऊस म्हणजे शेवटी मूठभर प्लास्टिक. पण बुटात खडा घेऊन चालावं तसा मी हे घेऊन चालत आलोय, आणि दरवर्षी सोयाबीन निघालं की तो खडा नेमका टाचेखाली येतो.

आमच्या कळंबला सोयाबीनचे दिवस आधी नाकाला कळतात. दसरा तोंडावर येतो, शिवारात मळणी यंत्रं घरघरायला लागतात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागते आणि हवेत एक कोरडा, खरखरीत, किंचित तेलकट वास येऊन बसतो. सोयाबीनच्या शेंगेवर बारीक तांबूस लव असते. मळणीत ती सुटते आणि वाऱ्यावर निघते. पापण्यांवर बसते, चहावर सायीसारखी धरते, दोरीवरच्या ओल्या कपड्यांत शिरते आणि मग दिवसभर मान खाजवत राहते. या दिवसांत गावातला प्रत्येक माणूस थोडा थोडा शिंकत असतो. भावाबद्दल तक्रार करणारा आणि भाव सांगणारा, दोघंही एकाच रुमालानं नाक पुसत असल्यासारखे दिसतात.

माझं दुकान मोंढ्याच्या तोंडालाच आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंट, झेरॉक्स. एरवी गिऱ्हाईक शंभर कामांसाठी येतं, पण सुगीत येतात ते माऊस. आडतीवरचे मुनीम माऊस शेपटीनं धरून आणतात, खरोखरीचा मेलेला उंदीर आणावा तसा.

"सर, ह्यो बाण नुसता उड्या मारायलाय."

"पुसला का?"

"पुसला की. वरून कसा चकचकीत केलाय बघा."

"वरून पुसून काय हुतंय मुनीमजी? त्याचं तोंड खाली हाय."

मी माऊस उलटा करतो. पोटाला एक भोक, भोकात इवलंसं भिंग, आतून लाल उजेड. त्या भिंगावर सोयाबीनची एखादी लव आडवी पडलेली असते. पापणीच्या केसाएवढी. ती चिमट्यानं उचलली की बाण शहाण्यासारखा जागेवर. मुनीमजींना हे दरवर्षी नवं वाटतं. मलाही दरवर्षी थोडं नवं वाटतं, पण वेगळ्या कारणानं.

त्या भोकातल्या वस्तूला सेन्सर म्हणतात. मी डोळा म्हणतो. तो काय करतो, हे मी कितीतरी लोकांना सांगितलंय आणि सांगताना दरवेळी मला त्याचं नवल वाटलंय. माऊसच्या खाली जे काही असेल, टेबल, कापड, कागद, त्याचे तो सारखे फोटो काढत असतो. एका सेकंदात हजारो. आत्ताचा फोटो मघाच्या फोटोशेजारी ठेवतो आणि बघतो, की मघाचा हा ठिपका आता इकडं सरकलाय, म्हणजे आपण तितकेच तिकडं सरकलो. बस्स. आपण कुठं आहोत हे त्याला कधीच माहीत नसतं. टेबलाच्या कडेला आहोत की मधोमध, कळंबला आहोत की लातूरला, काही ठाऊक नाही. मघापासून आत्तापर्यंत किती हललो, एवढंच त्याचं सगळं ज्ञान. मघाचा फोटो चुकला, की पुढचं सगळं गणित त्या चुकीवरून चालू होतं.

शेजारी दस्तगीरचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. उरलेल्या फ्लेक्सचे तुकडे तो मोंढ्यात फुकट वाटतो आणि आमच्याकडचे निम्मे माऊस त्या तुकड्यांवर चालतात. त्यामुळं एक गंमत होते. ज्या तुकड्यावर पुढाऱ्याचे केस, मिशा, गर्दी छापलेली असते तिथं माऊस झकास चालतो, कारण डोळ्याला पकडायला काहीतरी बारीकसारीक मिळतं. पण पुढाऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत शर्टावर आला की बाण अडखळतो, कधी थांबतोच.

"पांढऱ्या कपड्यावर कुणाचाच डोळा ठरत नाय उस्ताद," दस्तगीर म्हणतो. "पब्लिकचा ठरंना, उंदराचा काय ठरायलाय?"

वैष्णवीला हे फार आवडायचं. वैष्णवी म्हणजे माझी मुलगी. ज्या सुगीबद्दल मी लिहितोय, त्या सुगीत ती बारावीला होती. कॉलेजातून आली की दप्तर काउंटरखाली सरकवायची आणि आतल्या मशीनवर बसायची. गोळ्या झाडायचा खेळ. तिच्या कॉलेजातली चार पोरं आणि ही, असा पाच जणांचा संघ होता. मी आयुष्यभर माऊस उघडत आलो, पण माऊस असा चालवलेला कधी पाहिला नव्हता. आमच्याकडं माऊस म्हणजे नांगर. ढकलायचा, थांबायचं, परत ढकलायचा. तिच्या हातात तो माशासारखा होता. मनगट जागेवर, बोटं सैल, आणि एकदम एक झटका. पडद्यावरची सगळी दुनिया गर्रकन फिरून जिथं थांबायला हवी तिथं थांबायची.

त्या वर्षी मी पहिल्यांदा खेळायचे माऊस विक्रीला मागवले. डब्यांवर मोठमोठे आकडे, आत रंगीत दिवे. कुठला घ्यावा हे लोक विचारणार, म्हणून आधी आपल्याला कळायला हवं, असं म्हणत आम्ही बापलेक दुपारच्या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांची परीक्षा घ्यायला बसायचो. बाहेर ट्रॅक्टर, हमालांची हाळी, चाळणीचा आवाज, आणि आत अर्ध्या शटरखालून आलेल्या उन्हात तरंगणारी ती तांबूस लव. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी कोणत्या, असं कुणी विचारलं तर मी त्याच सांगेन. म्हणूनच पुढचं जड जातं.

पट्टीची परीक्षा सगळ्यात कडक. टेबलावर स्टीलची पट्टी चिकटवायची. माऊस तिला टेकवून ठेवायचा, बाण पडद्यावर कुठं आहे ते बघायचं. मग माऊस झपकन दूर न्यायचा आणि सावकाश परत आणून पट्टीला टेकवायचा. चांगला डोळा असेल तर बाण पहिल्या जागी येऊन उभा राहतो. वाईट डोळ्याला झटका सोसत नाही. तो मधले फोटो हुकवतो, आणि परत आल्यावर बाण भलतीकडंच. काही तर झटक्यात इतके गोंधळतात, की बाण थेट पडद्याच्या कोपऱ्यात किंवा वर आभाळाला.

मग उंचीची परीक्षा. खेळताना माऊस उचलून परत ठेवावा लागतो, तेव्हा डोळा लगेच मिटायला हवा. ते मोजायला आम्ही लग्नपत्रिका वापरल्या. दस्तगीर पत्रिकाही छापतो; त्याच्याकडं चुकीच्या छपाईच्या ढिगानं पडलेल्या. माऊसखाली एक एक पत्रिका वाढवायची आणि डोळा कधी मिटतो ते बघायचं.

"काय दुनिया आलीय," दस्तगीर दारातून वाकून बघत म्हणाला. "माझ्या पत्रिका घेऊन लोक लग्नाला जातात. तुमी उंदराला मांडवात बसवायलाव."

"काका, हा बघा, दोन पत्रिकांवर पण बडबडतोय," वैष्णवी म्हणाली. "नवरदेवाचा मामा असणार."

डब्यावरच्या आकड्यांचा माझा आदर त्याच दुपारी गेला. एका इंचात बाण किती ठिपके चालेल, तो हा आकडा. डोळा मुळात जेवढं बघू शकतो त्याच्या पलीकडचा आकडा छापायचा असेल तर आतल्या आत ताणून दाखवतात. ताकात पाणी घालून पंगत उरकावी तसं. सगळ्यात मोठा आकडा छापलेला माऊस पट्टीला परत यायचं नावच घेईना.

आणि एक माऊस निघाला, त्याची रेष फार सरळ यायची. चित्रं काढायच्या पानावर वैष्णवीनं तिरकी रेष ओढली. मला ती सुंदर वाटली. हिनं कपाळाला आठ्या घातल्या, परत ओढली, मुद्दाम थोडी वाकडी.

"पप्पा, हा माऊस माझी रेष सरळ करून दाखवायलाय."

"मग बरं की."

"काय बरं? मी वाकडी ओढली तर वाकडी दिसू द्या ना. मला कळायला नको का, माझा हात कुठं गेला ते?"

तो माऊस मी बाजूला ठेवला. तिच्या बोलण्याला मी कौतुकानं हसलो होतो, एवढं आठवतं.

शेवटी तिनं एक काळा, साधा, बिनदिव्यांचा माऊस स्वतःसाठी निवडला. दरवेळी पट्टीला परत येणारा. त्याच्यासारखाच दिसणारा, नकली, असाही एक मालात आला होता. कवच तेच, स्क्रू तेच, पोटातला डोळा मात्र हलका. सावकाश चालवला तर दोघांत फरक सांगता यायचा नाही. झटका दिला की नकली आभाळाला. ती जोडी मी काउंटरवर ठेवली होती. गिऱ्हाइकाला दोन्ही हातात द्यायचो आणि म्हणायचो, "हळू चालवून माऊस कळत नसतो, आणि माणूस पण." लोक हसायचे. मला ते वाक्य आवडायचं.

दसऱ्यानंतर लातूरला एका हॉलमध्ये या खेळाच्या स्पर्धा होत्या. जिंकणारा संघ पुढं पुण्याला जाणार होता, आणि पुण्याच्या फेऱ्या पार परीक्षेच्या तोंडापर्यंत चालणार होत्या. घरात मंगल, म्हणजे माझी बायको, रोज ताट वाढताना बोलायची.

"बारावीचं वरीस हाय. पोरगी बंदूक घेऊन बसलीय, अन् बाप तिला माऊस पुसून द्यायलाय. दोघांची मिळून एक परीक्षा घ्या म्हणावं बोर्डाला."

"आई, लातूर झालं की अभ्यास," वैष्णवी म्हणायची.

"अन् पुणं आलं म्हंजी?"



मंगलच्या काळजीपायी मी ते केलं, असं लिहिता आलं असतं. इतकी वर्षं मनात मी तसंच लिहून ठेवलं होतं. परीक्षा, भविष्य, पोरीचं भलं. ते सगळं होतंच. पण आता बोलायलाच बसलोय तर पुढचंही सांगतो. पानाच्या ठेल्यावर लोक म्हणायचे, "सर, पोरगी बंदूक लई भारी चालवती म्हणं. पोलिसात घाला की." मी हसायचो आणि पान न खाताच परत यायचो. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती. एकदा तिच्या संघातल्या पोरांना ती सांगत होती, "पप्पांना माऊसमधलं सगळं कळतं, खेळातलं काही कळत नाही." खोटं काहीच नव्हतं त्यात. अभिमानानंच म्हणाली होती. पण मला दिसलं, की ती जिथं निघाली आहे तिथं माझं काम दारापर्यंतच आहे. ती पुण्याला जाईल, जिंकेल, आणि मी इथं मुनीमांच्या माऊसमधली लव काढत राहीन. तिनं हरावं असं मला वाटत होतं. परीक्षेसाठी नव्हे. नुसतंच हरावं.

लातूरच्या आदल्या दुपारी ती क्लासला गेली. जाताना माऊस माझ्या हातात देऊन गेली.

"पप्पा, उद्याचं आहे. जरा भुसा काढून ठेवा."

मी दोन्ही माऊस काउंटरवर घेतले. तिचा आणि नकली. पायांच्या गुळगुळीत पट्ट्या अलगद उचलल्या. स्क्रू त्यांच्याखाली असतात. तिच्या माऊसच्या डाव्या बाजूला तिच्या अंगठ्यानं प्लास्टिक घासून गुळगुळीत झालं होतं. म्हणून कवच मी तिचंच ठेवलं आणि आतला पाट, म्हणजे डोळा बसवलेली सर्किटची पाटी, बदलला. तिच्या कवचात परका डोळा. मूठभर शेंगा सोलायला लागतो तेवढा वेळ लागला.  बाहेर कुणाचं तरी पोतं फुटलं होतं आणि हमाल एकमेकांवर ओरडत होते. मी पट्ट्या दाबून बसवल्या, आणि तिनं सांगितलं होतं म्हणून भिंगही पुसलं.

ती क्लासहून रात्री उशिरा आली आणि माऊस तसाच पिशवीत टाकला. लातूरला मी तिच्याबरोबर गेलो. बसला उशीर झाला. पोचलो तेव्हा पोरं हॉलच्या दारात उभीच होती. तिनं माऊस जोडला, सावकाश इकडून तिकडं फिरवून बघितला, मान डोलावली. सावकाश फिरवला तर तो चांगलाच होता. पहिल्या फेरीत ती दबा धरून बसली होती, फार हलायचं कामच पडलं नाही. मी मागच्या खुर्चीवर होतो. मला वाटायला लागलं, निभावलं बहुतेक. आणि खरं सांगतो, त्या क्षणी निभावावं असंही वाटलं. दोन्ही वाटतं माणसाला.

शेवटच्या फेरीत समोरचे दोघं एकदम पाठीमागून आले. तिनं तो झटका दिला, मासा उलटावा तसा. आणि तिचा पडदा आभाळाकडं गेला. निळं आभाळ, त्यात एक ढग. पडद्यावर दुसरं काही नाही. तिनं पुन्हा झटका दिला. पुन्हा आभाळ. मग तिचा खेळाडू मेला आणि पाठोपाठ संघ हरला.

"वैशू, वर काय बघत होतीस गं?" शेजारचा पोरगा रागानं नाही, नवलानं म्हणाला.

 तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. माऊसकडं नाही, हाताकडं. ते मी पाठीमागून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना काढणी झालेली रानं, गंजी, मळणी यंत्राच्या तोंडातून उडणारा भुसा. उन्हं कलली होती, त्यात तो भुसा सोन्यासारखा दिसत होता. शिराढोणच्या अलीकडं तिनं पिशवीतून माऊस काढून माझ्या हातात दिला.

"पप्पा, बघता का जरा? ह्याला काही झालंय का?"

आता बोलायची वेळ होती. शेजारी कुणी ओळखीचं नव्हतं. मी माऊस उलटा केला, भिंगावर फुंकर मारली, बोटानं पुसलं, उन्हात धरून एक डोळा मिटून बघितलं. मोंढ्यातल्या गिऱ्हाइकासमोर करतो ते सगळं केलं.

"माऊसला काय झालं नाही," मी म्हणालो. "ऐनवेळी हात घाबरला तुझा. होतं असं."

"व्हय?" ती म्हणाली.

"होतं. मनाला लावून घ्यायचं नाही."

तिनं मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला, कारण आमच्या अख्ख्या तालुक्यात माऊसबद्दल शेवटचा शब्द माझा होता. माझं ज्ञान मी आयुष्यात इतकं पुरेपूर कधीच वापरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर मी पाट परत बदलला. तिचा डोळा तिच्या कवचात. चूक दुरुस्त केली, असं मला वाटलं. संध्याकाळी ती दुकानात आली, स्टीलची पट्टी मागितली, टेबलावर चिकटवली. माऊस टेकवला, झपकन नेला, सावकाश आणला. बाण पहिल्या जागी. पुन्हा. पहिल्या जागी. बरेचदा केलं तिनं. मग पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली.

"तुमचं बरोबर आहे पप्पा. माऊस चांगला आहे."

तो माऊस नकलीच राहू दिला असता तर तिला तेव्हाच कळलं असतं. मी तो चांगला करून ठेवला, आणि तिच्या हाताविरुद्धचा शेवटचा पुरावाही मीच तिच्या पुढ्यात मांडला.

तिनं खेळ सोडला. कुणी सोड म्हटलं नाही. बारावी चांगली झाली, दंतवैद्यकीला नंबर लागला. मंगलनं पेढे वाटले. लोक म्हणाले, सर, बरं झालं, वेळेत सुधारली पोरगी. मी पेढा खाल्ला. कधी कधी मलाही वाटायचं, की शेवटी भलंच झालं की. डोळ्यावर लव पडली की बाण उडतो. पण माणसाच्या मनावर पडली तर तो सरळ चालतो आणि त्याला वाटतं, आपल्याला सगळं स्वच्छ दिसतंय.

यंदाही सोयाबीन निघालं. वैष्णवी दिवाळीला घरी आली आहे. तिचं शिक्षण झालं, आता कॉलेजच्याच दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून हे शेवटचं वर्ष. परवा दुपारी ती दुकानात येऊन बसली होती. मुनीमजी माऊस लोंबकळवत घेऊन आले. मी उठायच्या आत तिनं तो हातात घेतला, उलटा केला, चिमटा उचलला. भिंगावर लव होती; नेहमीच्यापेक्षा बारीक, मला तर चष्म्यातूनही धड दिसेना. तिनं श्वास धरला नाही, ओठ चावले नाहीत. चिमट्याचं टोक भिंगाला न लागता लव तेवढी उचलून आली.

"अगं बाबौ," मुनीमजी म्हणाले. "डॉक्टरीणबाईनं उंदराची दाढ काढली की. न्हाय दुखलं, न्हाय खुपलं."

"आता तासभर काही खायला देऊ नका त्याला," ती म्हणाली.

मुनीमजी हसत गेले. ती हातातला चिमटा उघडझाप करत बसली. मग म्हणाली, "पप्पा, मी ठरवलंय. दिवाळी झाली की दवाखान्यातल्या सरांना सांगणार आहे. मला प्रत्यक्ष काम नको. शिकवायचं बघते, नाही तर दवाखान्याच्या ऑफिसातलं काही."

"का गं?"

"नमुन्याच्या दातांवर माझं सगळं नीट होतं. सावकाशीचं काम पण नीट होतं. पण परवा एका आजींनी मध्येच मान हलवली. काही झालं नाही तसं, पण मी हत्यार मैत्रिणीच्या हातात दिलं आणि मागं सरकले. नेहमीच देते. गडबडीची वेळ आली की देऊन टाकते."

"मैत्रिणीचा हात लई भारी आहे का?"

"माझ्याइतकाच असेल. पण तिला तिच्या हाताचा भरवसा आहे." ती हसली. "माझा ऐनवेळी दगा देतो. तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्हीच बघितलंय लातूरला."

तेव्हा मला कळलं की लातूर माझ्याकडं जसं राहिलं, तसं तिच्याकडंही राहिलं; फक्त तिच्याकडचा फोटो मी काढून दिलेला. त्या एका फोटोशेजारी ती पुढचा प्रत्येक क्षण ठेवत आली. आत्ता मी किती हलले, किती चुकले, सगळं त्याच्यावरून मोजत आली. आपण प्रत्यक्षात कुठं आहोत हे बघायचं तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी कुणाला विचारलं असतं? मलाच.

मी तोंड उघडलं. "वैशू, लातूरला..." एवढं म्हणालो.

"काय?"

शटरबाहेर ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता. दस्तगीर त्याच्यावर ओरडत होता, फ्लेक्सवर भुसा बसतोय म्हणून. असा आवाज रोजच असतो. त्या आवाजात बोलता आलं नाही असं मी म्हणणार नाही. बोलता आलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "भुसा लई झालाय यंदा. चहा सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली.

चहा आला. दोघांनी घेतला. ती मोबाइलवर कुणाशी तरी बोलत बाहेर उन्हात उभी राहिली. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात कप. कप काठोकाठ होता. बोलता बोलता ती हसायची, वळायची, पायाशी आलेल्या कुत्र्याला पायानंच दूर सारायची. चहा सांडत नव्हता. मी काउंटरमागून त्या हाताकडं बघत राहिलो, आणि माझ्या मनात आलं, की ज्या लोकांच्या तोंडात हा हात जायला हवा होता त्यांना मी कधी भेटणारही नाही.

तिला कळल्यावर काय होईल, याचा मी फार विचार केलाय. ती बोलायची बंद होईल कदाचित. मंगलला कळेल, मंगलचं तोंड मी कसं बघणार. दस्तगीर मला उस्ताद म्हणायचं सोडेल. आणि असंही होईल, की ती ऐकून घेईल, हसेल, म्हणेल जाऊ द्या पप्पा, लहान होते मी तेव्हा. आणि तरीही सरांकडं जाऊन तेच सांगेल, कारण इतक्या वर्षांची सवय एका वाक्यानं सुटत नसते. ते तिचं ती ठरवेल. पण तिची वाकडी रेषही तिला दिसायला हवी होती, आणि सरळ रेषही. दोन्ही मी तिच्यापासून लपवल्या. आता तिच्या वतीनं अंदाज बांधत बसणं म्हणजे पुन्हा तेच करणं आहे.

पाडवा झाला की ती जाणार आहे. गेल्यावर पहिल्याच दिवशी सरांशी बोलणार आहे.

लातूरला वैष्णवीचा हात चुकला नव्हता. माऊस मी बदलला होता आणि बसमध्ये मी तिच्याशी खोटं बोललो. हे तिच्यासमोर बसून, ती जायच्या आधी सांगायचं देणं माझ्याकडं अजून बाकी आहे.